पुणे ते गोवा, गटाने सायकलवर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थंडी पडायला लागली की पुण्यातल्या सायकलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘गोवा कोण कोण?’ हा मेसेज येतोच. पंधरा जण अंगठा दाखवतात, प्रत्यक्षात सात-आठ निघतात आणि त्यातले निम्मे सलग तीन दिवस सायकल पहिल्यांदाच चालवणार असतात. हे त्या निम्म्यांसाठी लिहितोय. सराव किती करावा, सायकल कुठली घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतील. चौघा-आठांत मिसळून कसं चालवायचं हे मात्र कुणी बसवून सांगत नाही, आणि राईडचा विचका बहुतेक वेळा तिथेच होतो.

आधी एक हिशेब. पहिला दिवस पुणे ते कराड, साधारण १६० किमी. ताशी २४ च्या वेगाने ६ तास ४० मिनिटं, ताशी २० ने ८ तास. फरक ८० मिनिटांचा. आता दर तासाला दहा मिनिटांचा एक फुटकळ थांबा धरा. एकाला जॅकेट काढायचंय, दुसऱ्याला बोर्डाखाली फोटो हवाय, तिसऱ्याला मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. आठ तासांत ८० मिनिटं गेलीच. सपाटीवर २४ वरून २७ वर जायचं म्हटलं तर नुसत्या हवेशी झगडायलाच सुमारे ४० टक्के जास्त जोर लागतो, कारण तिथे लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. थांबे आटोक्यात ठेवायला काही जोर लागत नाही. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यात वेग कमी आणि थांबे, मागे राहिलेली माणसं, ओळ यांबद्दल जास्त सापडेल.

१. राईड कुठल्या जातीची आहे ते निघण्याआधी ठरवा

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘एकत्र’चे अर्थ बरेच आहेत. बीआरएममध्ये (ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायची राईड) घड्याळ प्रत्येकाचं वेगळं: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. कुणाच्या चाकामागे लागा, सोडून पुढे जा, कुणी काही म्हणणार नाही. रिलेमध्ये एक जण चालवतो तेव्हा दुसरा गाडीत झोपतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ अशीच दोघांत वाटून पूर्ण केली.

गटाची खरी शिस्त पाहायची तर दोन जुने फ्रेंच प्रकार बघा. ऑडॅक्स पद्धतीत सगळा घोळका रोड कॅप्टनच्या मागे ताशी २२.५ च्या वेगाने जातो आणि कॅप्टनला ओलांडायची कुणालाच मुभा नसते. दुसरा प्रकार फ्लेश. तीन ते पाच सायकलींचा संघ, २४ तास, किमान ३६० किमी. कुठेही दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, शेवटच्या दोन तासांत किमान २५ किमी झाले पाहिजेत आणि निदान तीन सायकली एकत्र पोचल्या तरच संघ पास. एकटा कितीही लवकर पोचला तरी त्याला शून्य मार्क.

तुमची गोवा राईड यातल्या कशासारखी आहे, ते ग्रुपवर स्पष्ट लिहा. ‘सगळे एकत्र, ओळीत साधारण २० ते २२, संध्याकाळी पाचपर्यंत मुक्कामी’ एवढं एक वाक्य पुरे. ज्याला २८ ने जायचंय त्याने वाईट वाटून घेऊ नये. तसे तिघं असतील तर त्यांचा वेगळा गट करा, त्यांना त्यांची हत्यारं आणि त्यांचा स्वीप (सगळ्यांच्या मागे राहणारा माणूस) द्या आणि रात्री जेवायला भेटा. सकाळी ठरवून केलेले दोन गट मजेत जातात. शिरवळच्या पुढे आपोआप पडलेले दोन गट रात्री जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत.

एक सापळा इथेच सांगतो. ‘मी एसआर आहे’ म्हणणारा, म्हणजे एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलेला माणूस, गटात चांगला असेलच असं नाही. त्याला एकट्याने जायची सवय असते. त्याच्या पायांबद्दल शंका नको, पण तो मागे वळून बघतो का, ते एखाद्या रविवारी सिंहगड रोडवर तपासून घ्या.

२. रस्ता आणि मुक्काम

तीन दिवसांची ढोबळ आखणी अशी:

- पहिला दिवस: कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंबाटकी, सातारा, कराड. सुमारे १६० किमी.
- दुसरा दिवस: कराड, पेठ नाका, कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. हेही सुमारे १६०.
- तिसरा दिवस: आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. सुमारे १२५.

कोल्हापूरला मुक्काम करून दोन दिवसांत उरकणारेही असतात. पहिल्यांदा जाताय तर त्या फंदात पडू नका. पहिल्याच दिवशी २३५ किमी झाले की दुसऱ्या दिवशी आंबोली दिसत नाही, नुसता पुढच्याचा टायर दिसतो.

निपाणीहून संकेश्वर, गडहिंग्लजमार्गेही आजऱ्याला जाता येतं. तो रस्ता रुंद आहे, पण वाटेत तवंदी घाट आहे आणि अंतरही वाढतं. उत्तूरचा रस्ता शांत. महामार्गावर रुंदीकरण आणि उड्डाणपुलांची कामं निघतच असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात त्या बाजूने येऊन गेलेल्या कुणाला तरी फोन करा. नकाशावर वळणरस्ते दिसत नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम उत्तम, पण उसाचा गळीत हंगामही तेव्हाच असतो. सातारा ते कागल या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतील, बऱ्याचदा मागे लाल दिवा नसतो आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. चढावर तिच्या आडोशाने जायचा मोह होतो. करू नका. आतलं एक कांडं सुटून चाकात आलं तर मागची अख्खी ओळ आडवी होते. अंधारात तर या पट्ट्यात सायकल नकोच, म्हणून पहाटे पाच-साडेपाचला निघणं आणि सूर्य मावळायच्या आत खोली गाठणं हा नियम.

३. कागदपत्रं आणि सामान

प्रत्येकाकडे, प्लास्टिकच्या पिशवीत:

- आधार कार्ड (लॉजवर मूळ कार्ड मागतात, सोबत एक झेरॉक्स)
- रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे नंबर लिहिलेला कागद. फोन लॉक असतो, कागद लॉक नसतो.
- आरोग्य विम्याचं कार्ड
- सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो
- थोडी रोख रक्कम, कारण घाटात यूपीआयला रेंज मिळेलच असं नाही

प्रत्येकाच्या सायकलवर: आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चर किट, पंप, मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, दोन बाटल्या. हेल्मेट नसेल तर राईड नाही, यावर चर्चा नको.

‘आपल्या मापाच्या’ या शब्दांवर जोर देतोय, कारण आपल्याकडच्या गटात एक रोड बाईक, चार हायब्रिड आणि दोन एमटीबी, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकली, अशी खिचडी असते. ७०० च्या चाकाची ट्यूब २७.५ ला उपयोगाची नाही. व्हॉल्व्हही दोन तऱ्हेचे असतात, बारीक प्रेस्टा आणि मोटरसायकलसारखा श्रेडर. पंप दोन्हीला चालतो का, ते घरी तपासा. प्रेस्टाचा छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर दोघातिघांकडे असला की कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

गटात मिळून एकेक: चेन तोडायचं हत्यार, चेनची क्विक लिंक (९, १०, ११ स्पीडच्या वेगवेगळ्या लागतात, मोजून घ्या), गिअर आणि ब्रेकच्या केबल, झिप टाय, इन्सुलेशन टेप आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. डिरेल्युअर (मागचे गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर सायकलगणिक वेगळा असतो, तो ज्याचा त्याने आणायचा. सायकल नुसती आडवी पडली तरी तो वाकतो, आणि गडहिंग्लजपासून गोव्यापर्यंत तुमच्या मॉडेलचा हँगर कुणाकडे मिळेल या भरवशावर राहू नका.

सोबत गाडी असेल तर आणखी एक सापळा. ‘गाडी आहेच’ म्हणून सगळे आपापली हत्यारं डिकीत टाकतात, आणि पंक्चर होतं तेव्हा गाडी वीस किमी पुढे चहा पीत असते. हत्यारं सायकलवर, कपडे गाडीत. गाडीने मागून रांगत येऊ नये. महामार्गावर तीच अपघाताला कारण ठरू शकते. वीस-पंचवीस किमी पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबायचं, शेवटचा सायकलवाला दिसला की पुन्हा पुढे.

४. कामं वाटून घ्या

लीड: पुढचा माणूस. ही जागा पाळीने बदलते, ते पुढे येईलच. त्याला रस्ता माहीत हवा आणि वेग एकसारखा ठेवता यायला हवा. गटातला सगळ्यात दमदार गडी इथे नको.

स्वीप: शेवटचा. दमदार गड्याला इथे ठेवा. याच्याकडे पंप, हत्यारं आणि भरपूर संयम. याच्या मागे कुणीही नसतं, आणि हा कुणालाही मागे सोडत नाही. स्वीपची पाळी अर्ध्या दिवसाने बदला, नाहीतर त्याचीच राईड कंटाळवाणी होते.

घड्याळवाला: थांबा संपल्याचं हाच सांगणार. जरा खडूस माणूस निवडा.

पैसेवाला: आठ जणांचे आठ वेगळे चहा आणि आठ वेगळे यूपीआय यात पाव तास जातो. एकाने सगळ्याचं बिल द्यायचं, हिशेब रात्री.

लीड आणि स्वीप यांच्यात फोन चालू हवा, ईअरफोन एकाच कानात. बाकीच्यांनी लाईव्ह लोकेशन सुरू ठेवलं की झालं.

५. ओळीत चालवणं

महामार्गावर एकामागे एक, डाव्या कडेने. दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणं आजऱ्याच्या रस्त्यावर जमेल, इथे नाही. नवख्याने पुढच्या चाकापासून निदान एका सायकलची लांबी सोडावी. त्यापेक्षा जवळ गेल्याने पुढच्याच्या आडोशाने समोरची हवा आणखी तुटते खरी, पण पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासतं, आणि पडतो तो मागचाच.

आवाज मराठीत आणि तोकडे: ‘खड्डा!’, ‘काच!’, ‘स्लो!’, ‘गाडी मागे!’, ‘पंक्चर!’ ऐकलं की प्रत्येकाने तो मागे पोचवायचा. हात दाखवणं चांगलं, पण ज्याचा तोल एका हातावर राहत नाही त्याने नुसतं ओरडावं.

पुढे राहायची पाळी साधारण दहा मिनिटांची. पाळी आली की बहुतेकांच्या अंगात येतं. मागे बसून पाय ताजे झालेले असतात, समोर मोकळा रस्ता, आणि वेग २१ वरून २६. मागे ओळ तुटते, पण पुढच्याला ते कळतही नाही. लीडला जायच्या आधी मीटरवरचा आकडा बघा आणि पुढे गेल्यावर तोच आकडा ठेवा. पाळी संपली की मागून गाडी येत नाही बघून जरा बाजूला व्हा, पाय सैल सोडा, ओळ पुढे जाऊ द्या आणि स्वीपच्या पुढे शिरा. ज्याला लीड झेपत नाही त्याने शेवटपर्यंत मागे बसावं. त्यात लाजायचं काही नाही, आणि त्याला टोमणे मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळभर स्वीप द्यावा.

स्पीडब्रेकर, टोलनाका, उड्डाणपुलाचा माथा, या तीन जागी ओळ हमखास तुटते. पहिला माणूस माथा ओलांडून उताराला लागतो तेव्हा शेवटचा अजून चढतोय. पहिल्याने वेग धरला की शेवटच्याला ती फट भरायला पन्नास-शंभर मीटर जीव तोडून मारावं लागतं. कात्रज ते कराड असे चाळीस झटके खाल्ले की तो संपला. उपाय अगदी साधा: माथ्यावरून पुढे गेल्यावर लीडने मागून ‘आले!’ ऐकू येईपर्यंत पाय हलकेच फिरवत राहायचं.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना डावीकडून येतो. आडवा वारा असला की त्याचा आडोसा पुढच्याच्या उजव्या अंगाला मिळतो, म्हणजे नेमका ट्रकांच्या बाजूला. टीव्हीवर सायकलपटू तिरकी ओळ करतात ती बंद केलेल्या रस्त्यावर. आपण सरळच राहायचं आणि तेवढा वेग सोडून द्यायचा.

६. घाटात ओळ मोडा

घाट चढताना एकत्र राहायचा हट्ट धरू नका. चढावर हवेचा आडोसा जवळपास निरुपयोगी असतो आणि दुसऱ्याच्या लयीत चढणं दोघांनाही जड जातं. पाच किमीचा घाट एकाने ताशी १० ने चढला तर अर्धा तास, दुसऱ्याने ७ ने चढला तर ४३ मिनिटं. तेरा मिनिटांचाच प्रश्न आहे. प्रत्येकाने आपल्या गिअरला, बोलता येईल एवढ्या दमात चढावं आणि माथ्यावर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, भेटावं.

आता या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. माथ्यावर पहिले तिघं पोचतात. पाणी पितात, चिक्की खातात, फोटो काढतात, घाम सुकतो, थंडी वाजायला लागते. तेरा मिनिटांनी शेवटची येते, लालबुंद, एक पाय टेकते. तेवढ्यात टाळ्या, ‘भारी! चला, निघूया!’ सगळ्यांना तेरा मिनिटांची विश्रांती, तिला अर्ध्या मिनिटाची. जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच सगळ्यात कमी. खंबाटकीला एकदा झालं तर ती हसून नेते. दिवसभर प्रत्येक चढाला झालं की दुपारी ती उंब्रजच्या आसपास बसते आणि मग गट तिच्यासाठी तासभर थांबतो.

म्हणून थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करायचं. दहा मिनिटं म्हणजे त्याची दहा मिनिटं. पुढच्यांना थंडी वाजत असेल तर त्यांनी जॅकेट घालावं, किंवा तिघांनी हळूहळू पुढे निघून ठरलेल्या जागी थांबावं.

७. थांबे आणि खाणं

दर ३० ते ४० किमीला एक थांबा आणि जागा आदल्या रात्री ठरलेली. पाणी, लघवी, हवा, फोटो, सगळं तिथेच. दोन चहाचे १५-१५ मिनिटांचे, जेवणाचा ४० चा. घड्याळवाला दोन मिनिटं आधी आवाज देणार, तेव्हा हेल्मेट डोक्यावर.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. म्हणजे एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू, किंवा मूठभर खजूर. भूक लागायच्या आधी खायचं. ओआरएसची पुडी दर दोन-तीन बाटल्यांमागे एक. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर येतं आणि कुणीतरी तांबड्या-पांढऱ्याचा प्रस्ताव मांडतो. पुढे अजून ८०-८५ किमी आहेत हे त्याला आठवण करून द्या. दहीभात, दोन चपात्या, थोडी भाजी. कोल्हापूर परतताना बसमधून उतरूनही खाता येतं.

८. कुणी मागे पडू लागलं तर

‘बरा आहेस ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येतं. स्वीपने विचारायचे प्रश्न वेगळे: शेवटचं काय खाल्लंस आणि कधी? कितवी बाटली? लघवी कधी झाली? गुडघा, मान, हाताची बोटं, बूड, काय दुखतंय? दहापैकी आठ वेळा खाणं चुकलेलं असतं आणि केळं, ओआरएस आणि वीस मिनिटं यांत माणूस परत येतो.

मग त्याला ओळीत दुसऱ्या क्रमांकावर, थेट लीडच्या मागे घ्या. सगळे सवयीने त्याला शेवटी टाकतात आणि ओळीतले सगळे झटके तिथेच बसतात. दुसऱ्या जागेवर हवा तुटते आणि वेगही त्याच्या पायांनुसार ठरतो. पाठीवर हात लावून ढकलणं दिसायला छान, पण महामार्गावर दोन सायकली शेजारी येतात, तेव्हा नको.

चक्कर, उलट्या, बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणं यातलं काही असेल तर राईड संपली. गाडी, नाहीतर जवळचा दवाखाना. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. एक माणूस त्याच्यासोबत थांबेल, आणि तो कोण हे पुण्यातच ठरवून ठेवा. तिथे रस्त्यावर ठरवायला गेलात की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

९. आंबोली उतरताना

आजऱ्याहून आंबोलीपर्यंतचा रस्ता चढउतारांचा आहे, तिथे घाई करू नका. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि खाली दाणोलीपर्यंत उतारच उतार. इथे सायकल गटाची नसते. दोघांत निदान ५० मीटर अंतर, कुणी कुणाला ओलांडायचं नाही, ओढणी किंवा जॅकेटचा बंद लोंबता नको. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबा, वळणात सोडा. रिम ब्रेक असतील तर सतत धरून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. धबधब्यांजवळ रस्ता ओला असू शकतो, आणि गाड्या थांबतात तिथे वेफर्सच्या पाकिटांवर टपलेली माकडं. बोटं दुखायला लागली तर बाजूला थांबा, कुणी हसणार नाही. पुन्हा मोजणी दाणोलीत, सगळे आल्याशिवाय सावंतवाडीकडे निघायचं नाही.

१०. पणजी आणि परतीचा प्रवास

बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोवा लागतं आणि तिथून उकाडा जाणवतो, पाणी जास्त ठेवा. पणजीत शिरताना मांडवीवर अटल सेतूने वर चढू नका, तो दुचाकींना बंद आहे. खालच्या जुन्या पुलाची लेन आधीच धरा. संध्याकाळी तिथे गर्दी असते, एकेकट्याने निघा आणि पलीकडे भेटा.

परतीचं तिकीट काढताना बसवाल्याला ‘आठ सायकली आहेत’ हे आकड्यासकट सांगा आणि भाडं तेव्हाच ठरवा. नुसतं ‘सायकल आहे’ म्हटलं की पणजीत ऐन वेळी दर दुप्पट होतो. पुढचं चाक आणि पेडल काढा. डावं पेडल उलट आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. डिरेल्युअरची बाजू वर ठेवा, सायकलींमध्ये पुठ्ठे किंवा जुन्या चादरी घाला. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये दुमडलेला पुठ्ठा अडकवा आणि ब्रेक दाबू नका. रेल्वेने थिवी किंवा मडगावहून यायचं असेल तर आदल्या दिवशीच स्टेशनच्या पार्सल कार्यालयात जाऊन विचारा. सगळ्या गाड्यांत सायकली चढतीलच असं नाही, आणि एकाच गाडीत आठ तर क्वचितच. चादरी पुण्याहून गाडीतूनच न्या, पणजीत रात्री आठ वाजता त्या शोधत फिरावं लागत नाही.